आता तुझं तोंड दिसतं

१

शनिवारी शाळा सकाळची असायची. वत्सला दुपारी घरी यायची, चपला दाराशी काढायची आणि आत पाऊल टाकायच्या आधीच विचारायची, "आलं का गं?"

आई मान वर न करता म्हणायची, "न्हाय." नाहीतर म्हणायची, "हाय. थांब, हात धुते."

तिची आई, बायडाबाई गांगुर्डे, विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेल्या पानांचा ढीग. दिवसभर बोटं तपकिरी असायची. लेकाच्या पत्राला तो वास लागू नये म्हणून ती आधी राखेनं आणि मग साबणानं हात धुवायची, पदराला पुसायची आणि पत्र दोन्ही हातांनी लेकीपुढं धरायची. तिला अक्षरओळख नव्हती. पण वत्सला वाचायला लागली की ती कागदाकडं अशी टक लावून बघायची, जणू चुकलं तर तिथंच पकडेल.

भिमाजी वत्सलाचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा तिनंच त्याला बोटाला धरून शाळेत नेलं होतं. पुढं ती प्राथमिक शाळेत मास्तरीण झाली आणि हा फौजेत गेला. जाऊ नको म्हणून ती त्याच्याशी कडाकडा भांडली होती. तो हसत गेला. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली आणि लढाई संपल्यावर तार आली, बेपत्ता. मग बऱ्याच दिवसांनी कळलं की तो जिवंत आहे, सरहद्दीपलीकडं कैदेत आहे. मार्चअखेर त्याचं पहिलं कार्ड आलं. वर शिक्के, आत चार ओळी. तीर्थरूप आईस सप्रेम जयभीम. मी सुखरूप आहे. जेवण मिळतं. काळजी करू नये.

आईनं ते कार्ड बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोवलं. वत्सला मोरीशी जाऊन रडली, आणि रडता रडता तिला इतका संताप आला की तिनं हातातला तांब्या भिंतीवर आपटला. कुणावर, ते तिला सांगता आलं नसतं. लढाई ठरवणाऱ्यांवर, तारेत दोन शब्द लिहून मोकळं होणाऱ्यांवर, हसत गेलेल्या भिमाजीवर. त्या वर्षी राग तिच्या अंगात तापासारखा राहायलाच आला होता.

नाशिकरोडच्या त्या वसाहतीत त्यांची एकच खोली होती. एका कोपऱ्यात स्वयंपाक आणि मोरी. मागच्या भिंतीला लागून न्हाणी, तिला खिडकी नव्हती, नुसतं पत्र्याचं दार. साल दुष्काळाचं. नळाला पाणी आलं तर आलं, त्यामुळं न्हाणीत आंघोळ कुणी करत नव्हतं. आई तिथं विड्यांची पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. एप्रिल लागला, पश्चिमेची भिंत तापायला लागली, म्हणून मायलेकींनी खाट तिथून हलवली आणि न्हाणीच्या दारासमोर आणून टाकली. आई दिवसभर तिच्यावर बसून विड्या वळायला लागली.

त्यानंतरच्या शनिवारी आई म्हणाली, "हाय. थांब, हात धुते."

हे आधीच्या दोन्हींसारखं कार्ड नव्हतं. साधा कागद होता, घडी घातलेला, दमट. अक्षर भिमाजीचंच. वर तारीख जानेवारीतली. वत्सला उभ्या उभ्याच वाचायला लागली. तीर्थरूप आईस सप्रेम जयभीम. थंडी फार आहे. पायाचं बोट काळं पडलं होतं, आता बरं आहे. तुझ्या हातची लाल मिरचीची चटणी आठवते.

आणि पुढं: खाट इकडं घेतलीस ते बरं केलंस. आता तुझं तोंड दिसतं.

वत्सला थांबली.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही. तुझा लाडका भिमा, एवढंच आहे."

"न्हाय. मधी एक वळ ऱ्हायली."

"नाही राहिली."

आई तिच्याकडं बघत राहिली. तिनं कागद परत घेतला, घडी घातली आणि पोलक्यात ठेवला.

२

जानेवारीतलं पत्र. खाट हलवली एप्रिलात. वत्सलानं रात्रभर हिशेब लावला आणि सकाळपर्यंत उत्तरही काढलं. भिमाजी रजेवर आला होता तेव्हा कधीतरी खाट हलवायची गोष्ट निघाली असणार. कोंडून घातलेल्या माणसाला घर डोळ्यापुढं दिसतं. तो मनातल्या मनात खाटा हलवत बसला असेल. मुलांना गणित समजावून सांगताना ती जशी फळ्यावर शेवटी दोन रेघा ओढायची, तशा तिनं या विचाराखाली दोन रेघा ओढल्या.

पत्रं येत राहिली. आता शनिवारचीही वाट बघावी लागत नव्हती. आई आपली "हाय" म्हणायची आणि हात धुवायला उठायची. आई किती दिवसांनी हसायला लागली होती! शेजारची कुसाबाई येऊन म्हणायची, "बायडाबाई, लेकरू लय मायाळू हो तुमचं," आणि आई मान डोलवायची.

पण पत्रांतला भिमाजी बदलत चालला होता. पहिल्यांदा तो विनवायचा. मग कुरकुरायला लागला. कालचं कालवण करपलं होतं ना? वास आला. मग: कुसाबाई फार वेळ बसते, तिला उठव. मग: दार लावू नको. अंधार होतो.

वत्सला असल्या ओळी गाळायची. पट्टीच्या वाचणाऱ्या बाईसारखी, आवाज जराही न हलवता, तिथं दुसरं काहीतरी घालायची. आई बघत बसायची.

मग एक पत्र असं आलं की पहिलीच ओळ होती: आई, ताई तुला माझं सगळं वाचून दाखवत नाही.

 वत्सलानं ओळ गिळली आणि म्हणाली, "तीर्थरूप आईस सप्रेम जयभीम."

"त्ये न्हाय लिवलेलं," आई शांतपणे म्हणाली. "काय लिवलंय त्ये वाच."

वत्सलानं पत्र खाटेवर टाकलं, चपला घातल्या आणि तडक निघाली.

३

पुंजाराम पोस्टमन नाक्यावरच्या लिंबाखाली सायकलला टेकून उभा होता. म्हातारा माणूस, वस्तीतल्या घरोघरी चहा पिणारा. वत्सलानं त्याला भर रस्त्यात धरलं.

"काका, आमच्या घरची पत्रं तुम्ही वाचता का?"

"कोणची पत्रं, बाई?"

"भिमाची! कोण फोडतं, कोण त्यात काय काय लिहितं? गंमत वाटते का तुम्हाला? तिकडं माणूस सडतंय आणि इकडं तुम्ही..."

पुंजारामनं सायकल नीट उभी केली. "वत्सलाबाई, मी तुमच्याकडं दोन कार्डं टाकली. उन्हाळा लागताना. त्या शिक्केवाल्या टपालाची सही घ्यावी लागते आम्हाला. त्याच्यामागून तुमच्या नावाचं काय बी आलेलं नाय. तुमच्या आईनं इचारलं बी नाय मला. मी म्हणायचो, आसं कसं, म्हातारी इचारीत का नाय?"

"खोटं."

"मी कशाला खोटं बोलू, बाई?" त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. वत्सलाला त्या भीतीचाच जास्त संताप आला.

घरी आली तर आई पानं कापत होती. वत्सलानं आवाज चढवूनच विचारलं, "पत्रं कुठून येतात?"

आईनं कात्रीनं न्हाणीकडं दाखवलं. "पानात असतेत."

"पानात म्हंजे?"

"गोणपाट उलगडलं का पानात असतंय. पयलं मला वाटलं तूच ठिवलं आसशील."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"काय वाटायचं?" आई म्हणाली. "पोरगं लिवतंय. मायला लिवतंय."

वत्सला न्हाणीत शिरली. तिनं गोणपाट बाहेर ओढलं, पानांचे जुडगे फेकले, फरशीवर हात फिरवला, भिंत ठोकून बघितली. कुठं फट नाही, भोक नाही. पलीकडं उघडा बोळ होता, ती बोळात जाऊन बाहेरूनही बघून आली. परत आत आली आणि उकिडवी बसली. दार आपल्या वजनानं अर्धं लोटलं गेलं. अर्ध्या अंधारातून समोर बघितलं तर खाट दिसत होती, खाटेवर आई. बरोबर समोर. तिचं तोंड स्पष्ट दिसत होतं.

वत्सला बाहेर आली ती धडपडतच. कोळसा पेटवून तिनं चहा केला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. हे आईच करत असेल, तिनं स्वतःला सांगितलं. कुणाकडून तरी लिहून घेत असेल, वेड्यासारखी. दुःखानं माणूस काहीही करतं. आणि अक्षर? अक्षर कुणालाही काढता येतं.

संध्याकाळी कुसाबाई दारात आली आणि हळूच म्हणाली, "मास्तरीणबाई, वणीकडं एक देवऋषी हाय..."

"कुसाबाई," वत्सला म्हणाली, "या घरात देव्हारासुद्धा नाही. छप्पन्न सालात माझ्या बापानं सगळे देव गोदावरीत सोडले. देवऋषी बोलवायचा असेल तर तुमच्या घरी बोलवा." आणि तिनं कुसाबाईच्या तोंडावर दार लावलं.

आतून, पानांच्या ढिगातून असेल नाहीतर आणि कुठून, बारीक खरखर झाली. कुणी शिसपेन्सिल घाईघाईनं कागदावर ओढावी तशी. आईनं मान वर केली आणि म्हणाली, "दार उघड बाई. त्याला आंधार व्हतो."

४

डिसेंबरात कैदी सुटले. भिमाजी घरी आला.

स्टेशनवर बँड होता, हार होते, कुणी पुढारी होता आणि त्याच्या भाषणात मातृभूमी दर दोन वाक्यांनी येत होती. हारांच्या ढिगाऱ्यातून भिमाजीचं तोंड बारकं, मातकट दिसत होतं. वत्सलाला वाटलं, त्या पुढाऱ्याच्या हातातून माईक घ्यावा आणि विचारावं, वर्षभर तू कुठं होतास? तिनं काही केलं नाही. भावाच्या गळ्यातले हार मात्र तिनं स्टेशनबाहेरच काढून टांग्याच्या घोड्यापुढं टाकले.

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी, दोन्ही कान. फिरवत राहिली. मग तिनं मागं वळून न्हाणीकडं बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

पहिल्या दिवशी वत्सलानं न्हाणीत पाणी काढलं. भिमाजी दारापर्यंत गेला, आत बघितलं, आणि बादली उचलून बाहेर अंगणात आला. सगळ्यांच्या देखत त्यानं उघड्यावर आंघोळ केली. काही विचारलं तर एकच उत्तर, "बाहेर बरं वाटतं." झोपायचाही बाहेर, ओट्यावर, थंडीत. झोप मात्र नव्हती. वत्सला कधीही उठो, तो बसलेलाच असायचा.

"बरं झालं, पत्रं तरी लिहीत होतास," ती एकदा ओट्यावर त्याला चहा देताना म्हणाली. हे वाक्य तिनं मुद्दाम, सहज बोलल्यासारखं टाकलं.

"कसली पत्रं? दोन कार्डं दिली होती त्यांनी."

वत्सलानं आत जाऊन आईच्या पेटीतून पत्रांचा गठ्ठा आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

तो वाचायला लागला. दोन-तीन पत्रं झाली तेव्हा त्यानं मान वर केली. "हे मी लिहिलं नाही, ताई. हे मी बोललो."

"कुणाशी?"

"आईशी." त्यानं कप खाली ठेवला. "धरल्यावर मला एकट्याला कोंडलं होतं. लहान खोली. खिडकी नाही, पत्र्याचं दार. मारून झालं की तिथं टाकायचे. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून मी बोलायचो. मोठ्यानं, पत्र सांगितल्यासारखं. तीर्थरूप आईसपासून सुरुवात करायचो. चटणीचं बोललो, बोटाचं बोललो. हे खाटेचं पण. एक दिवस दारातून मला आपली खाट दिसली, तिच्यावर आई विड्या वळत होती. मला वाटलं, गेलं डोकं."

"कधीची गोष्ट ही?"

"जानेवारीची. मग फेब्रुवारीत मला बाहेर काढलं, सगळ्यांबरोबर बराकीत टाकलं. तिथं माणसं होती. तिथं मी असलं कधी बोललो नाही."

तो पुढची पत्रं उलटत होता. मार्च, जून, दिवाळीतली. उलटण्याचा वेग वाढला, मग थांबला.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "हे त्या खोलीतलं आहे. पण मी तेव्हा त्या खोलीत नव्हतो."

"मग हे बोलतंय कोण, भिमा?"

भिमाजीनं गठ्ठा बाजूला ठेवला. "मला बाहेर काढलं तेव्हा मी मागं वळून बघितलं नाही. पण दार लावल्याचा आवाज आला. कडी घातल्याचा पण." त्यानं बहिणीकडं बघितलं. "रिकाम्या खोलीला कडी कशाला घालतात, ताई?"

५

जानेवारी सरताना पुन्हा पत्र आलं. भिमाजी घरात, पाटावर जेवायला बसलेला. आईनं गोणपाट सोडलं, पानातून कागद काढला, हात धुतले आणि नेहमीसारखा दोन्ही हातांनी वत्सलापुढं धरला. भिमाजीच्या देखत.

वत्सलानं वाचलं. या वेळी तिनं काही गाळलं नाही. का गाळू, असा तिला राग होता.

"आई, तू माझ्या ताटात कुणाला वाढतेस? तो मला टाकून आला. कडी लावताना त्यानं ऐकलं, तरी आला. त्याला बाहेर काढ. मला भूक लागली आहे."

भिमाजी उठला. त्यानं पत्र ओढून घेतलं आणि चुलीत टाकलं. कागद दमट होता, लवकर पेटेना. आई खाटेवरून झेपावली आणि तिनं चुलीत हात घातला. वत्सलानं तिला मागं खेचलं तोवर बोटं भाजली होती.

आईनं त्याच भाजलेल्या हातानं भिमाजीच्या थोबाडीत मारली.

"माझ्या लेकाचं पत्र जाळतोस?"

"मी तुझा लेक आहे!" भिमाजी ओरडला. वर्षभरात तो पहिल्यांदाच ओरडत असावा, आवाज फाटला. "मी! हा इथं उभा आहे तो! तिकडं मी तुझं नाव घेऊन मार खाल्ला, आणि तू कागदाला लेक म्हणतेस?"

"तू बी लेक," आई म्हणाली. "मी कुटं न्हाय म्हनते? पर तू आलास, हार घातलेस, जेवलास. त्यो कुटंय? त्यो वरीसभर माझ्याशी बोलला. मी भाकर थापताना बोलला, मी रडताना बोलला. त्याला कुनी सोडवायचं? सरकारला म्हाईत न्हाय. तुला म्हाईत व्हतं. आन् तू मागं वळून न्हाय बघितलंस."

तिनं हे कुठून ऐकलं? ओट्यावरचं बोलणं भिंतीआडून ऐकलं असेल, वत्सलानं मनाशी म्हटलं. दुसरं काय असणार.

भिमाजी खाली बसला. ताटातली भाकरी तशीच होती.

"मी उद्या पलटणीत परत जातो," तो म्हणाला. "रजा शिल्लक राहू दे."

"जा," आई म्हणाली. "तुझ्या पायाला वाट हाय."

त्या दिवशी वत्सला दोघांवरही सारखीच चिडली होती, आणि दोघांपैकी कुणी खोटं बोलतंय असंही तिला म्हणता येत नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं. मास्तरणीनं चूक कुणाची ते सांगायचं असतं. ज्यांनी तिच्या भावाला त्या खोलीत कोंडलं त्यांची नावं तिला कधी कळणार नव्हती. शिव्या द्यायच्या म्हटलं तरी तोंडात नाव नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर ती भावाला निरोप द्यायला धावतच आली. भिमाजी वळकटी बांधून अंगणात उन्हात उभा होता. दाराकडं पाठ करून.

"आत जा," तो म्हणाला. "आई ताट वाढून बसलीय. माझ्यासाठी नाही."

वत्सला उंबऱ्यात उभी राहिली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, त्यामुळं आत पहिल्यांदा काहीच दिसेना. मग खाट दिसली. खाट रिकामी होती. जमिनीवर भरलेलं ताट, तांब्या, चटणीची वाटी. न्हाणीचं दार अर्धं उघडं, आणि आई त्या दारात पाठमोरी उकिडवी बसलेली. ती बोलत होती. चिडून, लहान पोराला रागवावं तशी.

"किती दिस बसनार आसं? हं? कुनी ठिवलंय तुला हितं? कुनाची कडी न्हाय आता. मी काढलीय कडी. चल ऊठ. गुडघं पोटाशी घिऊन बसलाय नुसता. ऊठ म्हन्ते ना!"

"आई," वत्सला म्हणाली.

आईनं ऐकलं नाही. तिनं भाजलेल्या बोटांचा हात अंधारात घातला.

वत्सलानं जे बघितलं ते डोळा मिटून उघडायला वेळ लागतो तेवढंच. पानांच्या ढिगाशेजारी एक गुडघा. वर ताणलेली कातडी, मातीच्या रंगाची. गुडघ्याला मिठी मारलेला एक हात, बारीक, आणि त्या हाताचं मनगट आईच्या मुठीत. पाऊल दाराकडं होतं. त्याचं एक बोट काळं होतं.

उन्हानं डोळे दिपलेत, तिनं स्वतःला सांगितलं. ते गोणपाट आहे.

मागं अंगणात वळकटी धपकन पडली. तिनं वळून बघितलं. भिमाजी भर उन्हात उभा होता आणि डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट चाचपत होता. त्याचे डोळे मोठे झाले होते.

"ताई," तो म्हणाला, "आईनं माझा हात धरलाय."

"आई आत आहे, भिमा."

"मला माहीत आहे ती कुठं आहे!" तो किंचाळला, आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "तिची बोटं पोळलेली आहेत. लागतायत मला."

वत्सलाला वाटलं, आत धावावं, आईला खेचून काढावं, ते पत्र्याचं दार लाथेनं बंद करावं. तिचा पाय उचललाही. पण आतून आई म्हणाली, "वच्छे, पुढचं दार वढून घे. उजेडानं त्याचं डोळं दुकत्यात." आवाज इतका साधा होता, घरातलं रोजचं काम सांगावं तसा, की वत्सलाच्या हातानं ते ऐकलं. तिनं दार ओढून घेतलं. स्वतः बाहेर राहिली.

७

भिमाजी ओट्यावर बसला तो तिच्या खांद्याला टेकूनच. मग तो रडायला लागला. मार खाताना माणूस आवाज दाबून धरतो आणि तो आवाज आत साठतो, तसा साठलेला सगळा आवाज बाहेर येत होता. वत्सलानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं. आता ती रागवत नव्हती. घास भरवताना लेकराशी बोलावं तसं काहीतरी, शब्द कळत नव्हते. मधेच भिमाजीचा गळा हलायचा. गिळल्यासारखा.

गाडीची वेळ टळून गेली. ऊन ओट्यावरून उतरलं. कधीतरी आतलं बोलणं थांबलं, भिमाजीचं रडणंही थांबलं, आणि वत्सलाच्या लक्षात आलं की तो झोपला आहे. घरी आल्यापासून पहिल्यांदा. तोंड उघडं टाकून, गाढ.

दार किलकिलं झालं. आई बाहेर आली. तिचे हात ओले होते, घसा बसला होता. मोकळं ताट तिच्या हातात होतं.

"निजला," ती म्हणाली.

वत्सलानं मांडीवरच्या भावाकडं बघितलं आणि मान हलवली. "हो. निजला."

 वाकून आईनं भिमाजीच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग वळून, आतल्या अंधाराकडं, तशाच मायेनं बघितलं.

तेवढ्यात बोळाच्या टोकाला नळाला पाणी आलं आणि कुसाबाई हंडे आपटत ओरडली, "पानी आलंऽऽ! बायडाबाई, पानी आलंऽऽ!" वत्सला संतापून अर्धी उठलीच होती, पण मांडीवर डोकं होतं. तिनं दात आवळून हातानं कुसाबाईला गप्प राहायची खूण केली. भिमाजी हलला नाही. त्याचा श्वास संथ चालला होता.

आत न्हाणीत पानं सरसरली. कुणीतरी झोपमोड झाल्यासारखं कुशीवर वळलं. आणि भिमाजीच्या आवाजात, त्रासून, झोपेनं जड झालेल्या जिभेनं विचारलं, "आई, कोण ओरडतंय?"

वत्सलानं भावाच्या ओठांवर हात ठेवून बघितला. ओठ मिटलेले होते.

"कुनी न्हाय रं," आई दारातून म्हणाली. "नीज तू."

भिमाजी चार दिवसांनी पलटणीत गेला आणि पुढं नोकरी पुरी करून सुटला. झोप त्याला लागायची, चांगली लागायची. आईनं ती खोली शेवटपर्यंत सोडली नाही, आणि वत्सलानं तिला कधी सोड म्हटलं नाही. आई दिवसातून दोनदा न्हाणीपुढं ताट वाढायची, आणि न्हाणीच्या दाराला कडी घालायला कुणाची छाती नव्हती.

त्या दिवसानंतर पत्र मात्र आलं नाही. घरातल्या घरात पत्र कोण लिहितं?